म्हसोबाचा व्हॉल्व्ह

माझा धंदा शेतकऱ्याला घरी बसवण्याचा आहे. लग्नाच्या पंगतीत असं सांगितलं की शेजारचा पाहुणा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहतो. मग त्याला समजावून सांगावं लागतं. बागेला पाणी द्यायची वेळ झाली की मोटर आपोआप सुरू व्हावी, ज्या प्लॉटची पाळी आहे त्याचा व्हॉल्व्ह उघडावा, खत पाण्यातून बेतानं जावं, काम संपलं की सगळं बंद व्हावं, आणि हे चालू असताना मालकानं घरी बसून चहा प्यावा, पोरांचा अभ्यास घ्यावा नाहीतर निवांत झोपावं. ही व्यवस्था मी बसवतो आणि बिघडली की दुरुस्त करतो. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मोटारसायकलवर हिंडून हे काम करायला लागलो त्याला बरीच वर्षं झाली. केस पांढरे झाले ते उन्हानं की वयानं, यावर घरात अजून एकमत नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नव्हती. कऱ्हाटीच्या माळावर आमची मेंढरं असायची आणि वडिलांचं अर्धं आयुष्य कळपामागं चालण्यात गेलं. पुढं थोडी जमीन भिजायला लागली, मेंढरं कमी झाली आणि मला शाळेत बसायला सवड मिळाली. गावच्या गुरुजींनी मला तालुक्याच्या शाळेत नेऊन घातलं, तालुक्याच्या सरांनी कॉलेजचा रस्ता दाखवला. त्या दोघांचे उपकार मी रोज मोटारसायकलला किक मारताना आठवतो. शेती अभियांत्रिकीची पदवी घेऊन घरी आलो तेव्हा वडिलांनी विचारलं, "म्हंजे आता तू करणार काय?"

"पाणी द्यायची यंत्रं बसवणार."

वडिलांनी डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. मग म्हणाले, "मेंढरं वळायची सुटली, आता पाणी वळ. पर एक ध्यानात ठेव. दोन्हीबी तोंड दिसंल तिकडं पळत्यात."

कॉलेजात मला एवढं थोडक्यात कुणी शिकवलं नव्हतं.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांना वाटतं, ठिबकच्या नळ्या अंथरल्या की पाणी आपोआप जातं. तसं नसतं. चार एकराची बाग एकदम भिजवता येत नाही, मोटरची तेवढी ताकद नसते. म्हणून बागेचे प्लॉट पाडतात. एका प्लॉटचा कॉक उघडायचा, पाणी झालं की तो बंद करून दुसऱ्याचा उघडायचा, मधेच खत सोडायचं. शेतीची वीज एका आठवड्याला दिवसा येते तर पुढच्या आठवड्याला रात्री. म्हणजे कॉक फिरवायला माणूस कायम हजर हवा. मोठ्या बागाईतदाराकडे या कामाला गडी असतो, त्याला आमच्याकडे पाणक्या म्हणतात. लहान शेतकरी स्वतःच पाणक्या असतो.

माझी पेटी हे काम करते. ती मोटरखोलीच्या भिंतीवर बसते, लहानशा देव्हाऱ्याएवढी. तिथून वायरी निघतात त्या बागेतल्या व्हॉल्व्हपर्यंत. आणि झाडाच्या मुळाशी, जमिनीत, हातभर लांबीची एक काठी पुरलेली असते. तिला आम्ही सेन्सर म्हणतो. शेतकऱ्यांना मी सांगतो, ही बागेची जीभ आहे. जीभ कोरडी पडली की पेटी पाणी सोडते. जीभ ओली असली की पेटी गप्प बसते. बाकी जे काही असतं ते मोबाईलवर दिसतं.

मोबाईलवर दिसतं म्हणूनच आमच्या धंद्यात गमती फार. एका गड्यानं मेव्हण्याच्या लग्नात मांडवात बसून सगळ्या वऱ्हाडाला मोटर चालू-बंद करून दाखवली. "ही बघा चालू. ही बघा बंद." अक्षता पडेपर्यंत तिकडे स्टार्टरचं कॉइल जळालं. आमच्या कऱ्हाटीत दोन भावांची एक विहीर होती. पाण्याच्या पाळीवरून त्यांची वर्षानुवर्षं भांडणं. दोघांनी मिळून पेटी बसवली, पासवर्ड दोघांकडे. मग थोरला पाणी सोडायचा आणि धाकटा समोरच्या ओट्यावर बसून ते बंद करायचा. आधी बांधावर जाऊन भांडत होते, आता खाटेवर पडून भांडायला लागले. मी दोघांच्या पाळ्या पेटीत बांधून टाकल्या, एकाला दुसऱ्याच्या वेळेत हातच घालता येणार नाही अशा. कुणी कुणाचा तास चोरला हे म्हणायची सोय उरली नाही. पुढच्या हंगामात धाकटा मला म्हणाला, "सायेब, भांडायला कारणच ठिवलं न्हाय तुमी. करमत न्हाय बघा."

पण सगळंच हसण्यासारखं नाही. माझ्या पेटीमुळे काही पाणक्यांची कामं गेली, हेही इथं लिहिलं पाहिजे. त्यांतल्या काहींना मी फिल्टर धुणं, नळ्या साफ करणं शिकवलं. आता ते गावातल्या पाचसहा बागा सांभाळतात आणि एका मालकाच्या हाताखाली राहिलेले नाहीत. काहीजण छाटणीच्या टोळीत गेले, काही लोणी देवकरच्या कारखान्यांच्या गेटवर. एकजण रस्त्यात भेटला तर अजून माझा रामराम घेत नाही. मी घालतो.

आता ज्या बागेची गोष्ट सांगायची ती निरवांगीची.

सुनीताताईंचा नवरा लोणी देवकरला कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो. घरी सासरे तात्या, ताई आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. चार एकर डाळिंब तात्यांनी स्वतः लावलेलं, स्वतः वाढवलेलं. पण त्यांचा गुडघा गेला. कॉकपर्यंत जायचं म्हणजे काठी टेकत जायचं आणि वाटेत दोनदा बसायचं. मुलगा कधी दिवसपाळीला, कधी रातपाळीला. पाण्याचं काही खरं राहिलं नाही. तेव्हा तात्यांनी बाग खंडानं द्यायचं ठरवलं. खंड म्हणजे वर्षाची रक्कम ठरवायची आणि जमीन दुसऱ्याच्या हवाली करायची. पिकलं तरी त्याचं, बुडालं तरी त्याचं. घ्यायला गावातले बापूराव तयारच होते. तीनचार बागा ते तशाच खंडानं करत होते, आणि चांगल्या करत होते.

ताई म्हणाल्या, "बाग मी बघते."

"आन पाण्याला कोण जाणार?" तात्यांनी विचारलं.

"यंत्र जाईल."

ताईंनी बारामतीच्या कृषी प्रदर्शनात असं यंत्र बघितलेलं होतं आणि तिथल्या माणसाला इतके प्रश्न विचारले होते की त्यानं शेवटी खुर्ची दिली. हे सगळं मला ताईंनीच सांगितलं. मी पेटी बसवायला गेलो त्या दिवशी तात्या अंगणात बाजेवर बसले होते. मला ऐकू जाईल अशा आवाजात ते सुनेला म्हणाले, "हे बघ सुनबाई. पाहुण्यासमोर सांगतो. हा आंबे बहार तुझा. पाडव्याला झाडावर फळ दिसलं तर बाग तुझी, मी मधी येणार न्हाय. न्हाय दिसलं तर पाडव्यालाच बापूरावला शब्द द्यायचा. आन तंवर मी बागंत पाऊल टाकणार न्हाय. मागनं म्हणायचं न्हाय, की म्हाताऱ्यानं लुडबूड केली."

"चालंल," ताई म्हणाल्या. मुली आजोबांच्या तोंडाकडे बघत होत्या.

डाळिंबाचा बहार धरणं म्हणजे काय तेही सांगतो. झाडाचं पाणी काही दिवस तोडायचं, त्याला तहानेची भीती घालायची. मग पाणी सोडलं की झाड फुटतं आणि लाल कळ्या निघतात. जानेवारीच्या सुमाराला पाणी सोडलं तर तो आंबे बहार. पण कळी निघाल्यावर पाणी कमी पडलं की ती गळून पडते. आणि जास्त झालं तर मुळं कुजतात, मर रोग लागतो आणि झाड उभ्या जागी वाळतं. गंमत म्हणजे तहानलेलं झाड आणि मर लागलेलं झाड सुरुवातीला सारखंच दिसतं. दोघंही मान टाकतात.

सेन्सर मी बागेच्या मधोमध बसवला होता. पहिल्याच फवारणीला ट्रॅक्टरचं चाक त्यावरून गेलं. दुसरा घेऊन गेलो तेव्हा ताई म्हणाल्या, "दादा, हा म्हसोबाजवळ बसवा. तितं ट्रॅक्टर जात नाही आणि गुरंबी जात नाहीत."

बागेच्या कडेला, बांधाला लागून शेंदूर लावलेला एक दगड होता. तोच म्हसोबा. त्याच्या खालच्या अंगाला डाळिंबाचं एक झाड होतं. माती तीच, नळी तीच. मलाही जागा पसंत पडली. यंत्राची राखण देवानं करावी, एवढी चांगली सोय कंपनीच्या पुस्तकात लिहिलेली नव्हती.

कळ्या निघाल्या. ताई रोज मोबाईलवर फोटो पाठवायच्या. झाडं लाल झाली होती आणि मी ते फोटो दुसऱ्या शेतकऱ्यांना अभिमानानं दाखवत होतो. आणि एका दुपारी ताईंचा फोन आला. आवाज खाली गेलेला.

"दादा, झाडं माना टाकायला लागलीत."

मी मोबाईलवर त्यांची बाग उघडून बघितली. सेन्सर सांगत होता, ओल भरपूर. त्यामुळं पेटीनं कितीतरी दिवस पाणीच सोडलेलं नव्हतं. ओल भरपूर आणि झाडं मान टाकतायत, म्हणजे मर असणार. मी म्हणालो, "अजिबात पाणी देऊ नका. मी येतो."

मी पोचेपर्यंत गावानं निकाल लावून टाकला होता. रस्त्यानं जाणारा येणारा गाडी थांबवून बघत होता. बापूरावांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "यंत्रानं बाग पाण्यात बुडवली. माणूस असता तर त्याला कळलं असतं." पाडवा जेमतेम दीड महिन्यावर होता. ताई माझ्यापुढं चालत होत्या. गळलेल्या कळ्या, ओल टिकावी म्हणून झाडांखाली अंथरलेल्या मल्चिंगच्या कागदावर पडून उन्हानं काळ्या झाल्या होत्या. पाय पडला की कुरकुर वाजत होत्या.

मी सेन्सर काढून बॅगेतला नवा लावला. आकडा तोच. हातानं तिथली माती उकरून मूठ वळून बघितली. लाडू वळला. वायरी तपासल्या, पेटी उघडली, व्हॉल्व्ह तपासले. सगळं ठीक. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. झाडं तर खोटं बोलतच नाहीत. दोन्ही साक्षीदार खरे आणि दोघांच्या साक्षी उलट्या. मी म्हसोबासमोर मांडी घालून बसलो.

तसा बसलो म्हणूनच माझी नजर वर गेली. म्हसोबाजवळचं झाड कळ्यांनी लगडलेलं होतं. पानं ताठ, हिरवीगार. त्याच्या पलीकडच्या झाडाची मात्र मान खाली.

"हे एकटंच कसं काय?" मी विचारलं.

"देवाचं झाड हाय ते," ताई म्हणाल्या. "सगळेच म्हणतात तसं."

मी उठलो, बागेच्या मधोमध गेलो, कागद बाजूला केला आणि खुरप्यानं खणलं. वीतभर खोल गेलो तरी माती पिठासारखी. आणखी दोन ठिकाणी खणलं. तेच. ही मर नव्हती. चार एकर बाग तहानेनं मान टाकून उभी होती आणि तिची जीभ तेवढी ओली होती.

ताई खड्ड्याजवळ बसल्या आणि ती माती चिमटीत धरून बघितली. "दादा, हितं पाणी हवं होतं. आणि मी ते दिलं नाही."

"मीच देऊ नका म्हणालो होतो. उठा, वीज आहे तोवर पाणी सोडू."

त्या आठवड्यात वीज दिवसा होती हे नशीब. आम्ही पेटी बाजूला ठेवून हातानं एकेक व्हॉल्व्ह उघडला. नळ्यांमधून हवा फुसफुसली आणि मग कागदाखाली टपटप सुरू झाली. तो आवाज ऐकत मी मोबाईलवर मागच्या दिवसांचा आलेख बघत होतो. त्यात एक गोष्ट होती जी मी आधीच बघायला हवी होती. रोज उजाडायच्या सुमारास ओल एकदम वर चढत होती. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना.

"ताई, इथं रोज सकाळी कुणीतरी पाणी ओततंय."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग बांधाकडे. "सकाळी इकडं फक्त तात्या येतात," त्या म्हणाल्या. "गुडघा मोकळा करायला म्हणून." आणि मग अगदी हळू, "त्यांना बापूरावलाच द्यायची असंल बाग, तर तसं सांगायचं होतं."

मी म्हणालो, "आपण डोळ्यांनी बघू. तोवर घरात काही बोलू नका."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी परत गेलो. ताई आणि मी मोटरखोलीच्या आडोशाला उभे राहिलो. बांधावरून तात्या आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात भरलेली कळशी. चार पावलं चालायचे, कळशी खाली ठेवायचे, गुडघा चोळायचे, परत उचलायचे. घरापासून बांधापर्यंत ते असे आले. म्हसोबापाशी पायताण काढलं. आधी ओंजळभर पाणी दगडावर घातलं, मग कळशी पालथी केली. पाणी दगडावरून ओघळून खाली झाडाच्या बुंध्याशी गेलं, थेट माझ्या सेन्सरवर. तात्यांनी हात जोडले.

ताई पुढं झाल्या. "तात्या, काय करताय हे?"

तात्या दचकले. चोरी सापडल्यासारखे नाही, पूजेत कुणी मधेच बोललं तर दचकावं तसे. "दिसत न्हाय व्हय? देवाला पाणी घालतोय."

"रोज?"

"रोज. तुझ्या कळ्या निघाल्यापास्नं." मग मला बघून त्यांचा आवाज चढला. "तुमीबी हायसा व्हय! बरं झालं. सायेब, ह्या शेतात बापजाद्यापास्नं पयलं पाणी देवाला, मग पिकाला. मी मोटर चालू केली की पयली वंजळ हितं टाकायचो, मग कॉक फिरवायचो. आता तुमची पेटी कवा पाणी सोडती, कवा बंद करती, कुणाला पत्ता न्हाय. झाडं प्यायली आन देव कोरडा. बागंत पाऊल टाकायचं न्हाय म्हणालो हुतो. पर देव बांधावर हाय. बांधावर यायला मला कुणाची बंदी न्हाय."

"अहो, पण तुमचा गुडघा," ताई म्हणाल्या.

"गुडघ्याचं काय घिऊन बसलीस? सुनंचा पयला बहार. देव कोरडा ठिवून फळ धरंल का?"

ताईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या हे मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

सांगायचं काम माझ्यावर आलं. मी तात्यांना बांधावर बसवलं, सेन्सर उपसून त्यांच्या हातात दिला आणि सगळं समजावलं. त्यांनी ती काठी उलटसुलट करून बघितली.

"म्हंजे मी घातलेलं पाणी हिनं प्यालं, आन चार एकराला उपाशी ठिवलं?"

"तिला वाटलं पाऊस पडला."

तात्या पार खचले. "मग देवानं तरी सांगू न्हाय व्हय?"

"देवानंच सांगितलं की तात्या," ताई म्हणाल्या. "त्याचं झाड हिरवं ठेवलं, म्हणून तर दादांना सापडलं."

आता माझं काम सोपं होतं. सेन्सर तिथून हलवून आत बसवायचा, चार बाजूंनी खुंट्या ठोकायच्या आणि बिल न करता निघायचं. पण तात्यांची रिकामी कळशी समोर पडली होती आणि मला दिसत होतं, की हा माणूस उद्याही ती भरून आणणार. सांगितलं म्हणून थांबणार नाही, आणि थांबला तर त्याचं मन शांत राहणार नाही. माझ्या पेटीनं त्या शेतातली एक रीत खाऊन टाकली होती. ती मला कुणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती.

सेन्सर मी बागेत आत नेऊन पुरला आणि भोवती खुंट्या ठोकल्या. माझ्या बॅगेत एक लहान व्हॉल्व्ह आणि बारीक नळीचा तुकडा कायम असतो. मी मुख्य पाइपावर तो व्हॉल्व्ह जोडला, नळी बांधावरून नेऊन म्हसोबाच्या डोक्यावर आणली. पेटीत घालून दिलं, की मोटर सुरू झाली की आधी हा व्हॉल्व्ह उघडायचा, थोडा वेळ पाणी द्यायचं, तो बंद झाल्यावरच बागेचे बाकीचे व्हॉल्व्ह. मोबाईलवर प्रत्येक व्हॉल्व्हला नाव द्यावं लागतं. मी लिहिलं, म्हसोबा. खाली पिकाचं नाव विचारलं होतं. ऊस, डाळिंब, द्राक्ष, केळी, इतर. मी 'इतर' निवडलं.

मग मोबाईल तात्यांपुढं धरला. "इथं दाबा."

"मी?"

"पहिलं पाणी कायम तुम्हीच सोडत होता ना?"

त्यांनी धोतराला बोट पुसलं आणि दाबलं. मोटरखोलीत खट् वाजलं. मोटर सुरू झाली. नळी आधी फुरफुरली, थुंकली, आणि म्हसोबाच्या डोक्यावर पाण्याची बारीक धार पडली. तात्यांनी ओंजळ धारेखाली धरली, भरू दिली आणि आपल्या हातानं देवावर घातली.

"हां," ते म्हणाले. "आता सोड म्हणावं बागंला."

पेटीनं सोडलं.

झाडं दोनतीन दिवसांत उभी राहिली. गेलेली कळी गेली. पण डाळिंबाची एक मेहेरबानी असते, त्याला कळी एकदाच येत नाही. दुसरी लाट आली, आणि ताईंनी ती अशी जपली की मला दिवसातून चारदा फोन. आठवड्याच्या आठवड्याला मी जात होतो. तात्या शब्दाला पक्के. कळीचं फळ धरलं की त्याला आमच्याकडे सेटिंग म्हणतात. बांधावर उभे राहून ओरडून विचारायचे, "सेटिंग झाली का गं?" आतून ताई ओरडायच्या, "हुतीया!"

आजही त्या बागेत काही बिघडलं तर मला सगळ्यात आधी तात्यांचा फोन येतो. "सायेब, आज देवाला पाणी बारीक आलं." म्हणजे फिल्टर तुंबला. कंपनीची सूचना मोबाईलवर त्यानंतर कधीतरी येते. दुसऱ्या गावांत मी आता पेटी बसवायला गेलो, की वायर सोडण्याआधी विचारतो, तुमच्या शेतात पाणी आधी कुणाला देतात? कुणी विहिरीवरच्या साती आसरा सांगतं, कुणी बिरोबा, कुणी आजोबांनी लावलेलं आंब्याचं झाड. काहीजण हसतात आणि म्हणतात, आमच्यात तसलं काही नाही. त्यांची आई मागून म्हणते, "हाय की." कंपनीच्या एका बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एका तरुण साहेबानं विचारलं, यानं पाण्याची बचत किती होते? मी म्हणालो, बचत होत नाही, थोडं जास्तच जातं. पण यंत्र त्या घरचं होऊन जातं. माझ्यासारख्या घरात पहिल्यांदाच पदवी घेतलेल्या माणसाला हे कळायला जड गेलं नाही. नवं काही घरात आणायचं तर जुन्यांना ओलांडून आणता येत नाही, हे मी माझ्या पदवीच्या वेळी घरीच बघितलेलं होतं. वडिलांनी माझा पदवीचा कागद आधी बिरोबापुढं ठेवला होता आणि मगच भिंतीवर लावला होता.

पण पाडव्याचं सांगायचं राहिलं.

मला जेवायला बोलावलं होतं. दारात गुढी, आत पुरण वाटल्याचा वास. ताईंचा नवरा रात्रपाळी करून आला होता आणि डोळे लाल असूनही झोपायला तयार नव्हता. बापूराव ठरल्याप्रमाणे आले, हातात नारळ. आम्ही सगळे बांधावर गेलो. तात्या पुढं, काठी टेकत. ताई पिठाचे हात तसेच घेऊन मागून आल्या.

बापूराव बांधावरूनच बागेकडे बघत राहिले. ते जाणते माणूस. पानांआड लपलेली फळं त्यांना लांबून दिसली. काही सुपारीएवढी, काही अजून बोराएवढी, पण फांदीफांदीला होती. तरी ते शब्द घ्यायला आले होते, म्हणून त्यांनी विचारलं, "मग तात्या, काय ठरलं?"

तात्या काही बोलणार तेवढ्यात मोटरखोलीत खट् झालं. म्हसोबावर धार पडली. दगड ओला झाला, शेंदूर चकाकला. मग धार थांबली आणि बागभर कागदाखाली टपटप सुरू झाली.

"बापूराव," तात्या म्हणाले, "हे पाणी मी सोडलं न्हाय. लेकानं सोडलं न्हाय. सुनंचे हात बघ, पिठाचे हायत. सगळी हितं हुबी हायत आन पाणी आपल्या पावलानं चाललंय."

एवढंच म्हणून त्यांनी पायताण काढलं. बहार सुरू झाल्यापासून त्यांनी त्या बागेत पाऊल टाकलेलं नव्हतं. आपणच लावलेल्या झाडांच्या कडेला ते अनवाणी उभे राहिले आणि मागं वळून म्हणाले, "सुनबाई, येऊ का गं आत?"

ताईंनी पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "या की तात्या. जपून या, नळ्या हायत."

तात्या आत गेले. एकेका झाडाला हात लावत चालले. ताई त्यांच्या मागं, मुलगा त्यांच्या मागं, आणि दोन्ही नाती पुढं पळत सुटल्या. बांधावर बापूराव आणि मी दोघंच उरलो. बापूरावांनी हातातला नारळ वरखाली झेलला, थोडा विचार केला आणि म्हसोबापुढं फोडला. खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"इंजिनेर," ते म्हणाले, "माझ्या घरच्या बागंकडं कवा येताय? पर आधीच सांगून ठिवतो, आमच्या बांधावर देव दोन हायत. वॉल दोन लागतील."

मी बॅग उघडून बघितली. होते.